कातळात बोट

"इथे बोट घाल," मित्र म्हणाला.

समोर रस्त्यासाठी उभा तासलेला डोंगर होता. राखाडी, कोरडा, दोन पुरुष उंच कातळ. त्यात बोट घालायचं म्हणजे काय, ते मला कळेना. मित्र भूगर्भशास्त्र शिकलेला खरा, पण चेष्टेखोरही. त्यामुळे मी आधी त्याच्या तोंडाकडे बघितलं. गडी गंभीर होता. त्याने दाखवलेल्या जागी वीतभर रुंदीची एक गडद पट्टी कातळातून तिरकी खाली उतरत होती. मी बोट टेकवलं आणि ते पहिल्या पेरापर्यंत आत गेलं.

घट्ट मळलेल्या कणकेत जावं, तसं. बाहेर काढलं तर बोटाला हिरवट-राखाडी लगदा. मित्राने त्यातला कणभर उचलून दातांखाली घेतला, चावला आणि थुंकला. "कचकच नाही. नुसती चिकणमाती." बारीक वाळू दातांखाली कचकचते, चिकणमाती गुळगुळीत लागते, भूगर्भवाल्यांची ही प्रयोगशाळेच्या आधीची परीक्षा. मला मात्र त्याच्या दातांपेक्षा डोंगराची काळजी वाटायला लागली होती. पट्टीच्या खाली कातळ, वर कातळ, आणि वरचा अख्खा डोंगर या वीतभर लगद्यावर टेकलेला.

ती पट्टी म्हणजे भ्रंश: खडक फुटून दोन बाजू एकमेकींना घासत सरकतात ती जागा. शाळेत भ्रंशाची आकृती काढायचो तेव्हा ती फार सोपी असायची. थरांच्या रेघा, त्यांना छेदणारी एक तिरकी रेघ, दोन बाजूंना दोन बाण. एक बाजू वर, एक खाली, पाच गुण. त्या रेघेमुळे वर्षानुवर्षं माझी समजूत अशी होती, की भ्रंश म्हणजे सुरीने वडी कापावी तसा काप. प्रत्यक्षात तो पट्टा असतो. मोठ्या भ्रंशांच्या बाबतीत शेकडो मीटर, कधी त्याहून जास्त रुंदीचा. मधोमध गाभा, जिथे खडकाचं पीठ झालेलं असतं. गाभ्याच्या दोन्ही अंगांना इजा झालेला खडक: तडकलेला, फुटलेला, पण अजून खडक म्हणून ओळखू येणारा. गाभ्याजवळ तडे इतके दाट, की हातोड्याचा एक ठोका घातला तर मूठभर खपल्या गळतात. दूर जावं तसे तडे विरळ होतात आणि मग केव्हातरी साधा, धडधाकट खडक सुरू होतो. माझं बोट गेलं होतं ते गाभ्यात. ज्या कोरड्या कातळाचा मला भरवसा वाटत होता, तो इजा झालेला खडक होता. मित्राने दाखवल्यावर त्यातल्या चिरा दिसल्या, आणि एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेना.

या पिठाची गोष्ट गमतीची आहे. चार्ल्स लॅपवर्थ या इंग्रज भूवैज्ञानिकाने १८८५ मध्ये स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या एका प्रचंड भ्रंशात सापडलेल्या खडकाला 'मायलोनाइट' नाव दिलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ दळण्याची गिरणी. जात्याच्या दोन तळ्यांमध्ये भरडलं जावं तसा हा खडक दोन बाजूंमध्ये दळला गेला, असं त्याचं म्हणणं. पुढे लक्षात आलं, की मायलोनाइट दळून होतच नाही. तो खोलवर, उष्णतेत, खडक न फुटता मऊ होऊन ताणला गेल्याने तयार होतो. खरं दळण चालतं ते त्याच्या वर, पृष्ठभागापासून साधारण दहा-पंधरा किलोमीटर खोलीपर्यंतच्या थंड, ठिसूळ खडकात. म्हणजे जात्याचं नाव चुकीच्या पिठाला गेलं आणि तिथेच चिकटून राहिलं. खऱ्या पिठाला 'गाउज' म्हणतात. त्यात पाणी मुरतं, फेल्डस्पारसारखी खनिजं कुजून त्यांची चिकणमाती होते, आणि हे दळण-कुजण्याचं काम लाखो वर्षं चालू राहतं. भूकंप झाला की जातं एखादा मीटर फिरतं, मग शतकभर स्वस्थ. न्यूझीलंडचा आल्पाइन भ्रंश वर्षाला सरासरी २७ मिलिमीटरच्या आसपास सरकतो. नखं वाढतात त्याच्या जवळपासचा वेग. तेवढ्यावर त्याने एक अख्खी पर्वतरांग उभी केली आहे आणि तिच्या पायथ्याशी मैलोगणती खडक भरडून ठेवला आहे.

आता घर्षणाचा हिशेब. बहुतेक खडकांचं खडकावर घर्षण सारखंच असतं, मग तो ग्रॅनाइट असो की चुनखडी. जेम्स बायर्ली या भूभौतिकशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये मांडलेल्या निष्कर्षानुसार घर्षणाचा गुणांक ०.६ ते ०.८५. या आकड्याचा अर्थ असा, की कोरड्या फळीवर खडकाचा ठोकळा ठेवावा तसा एका खडकाच्या उतारावर दुसरा खडक ठेवला, तर उतार ३० ते ४० अंशांपर्यंत तिरका होईस्तोवर तो घसरणार नाही. पण मधे काही विशिष्ट चिकणमाती आली, विशेषतः पाणी पिऊन फुगणारी माँटमोरिलोनाइटच्या जातीची, तर ओल्या अवस्थेत हाच गुणांक ०.१-०.२ इतका खाली येतो. मग दहा अंशांचा उतारही पुरतो. दहा अंश म्हणजे दमेकऱ्यालाही चढता येईल असा उतार. बघणाऱ्याला वरून डोंगराचा उतार दिसतो. आत पुरलेल्या पट्टीचा उतार दिसत नाही, आणि डोंगर घसरायचा तो पट्टीवरून.

मराठीत आपण म्हणतो, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. योगायोगाबद्दल म्हणतो, आणि त्यात कावळ्याला निर्दोष सोडतो, हे ठीकच. पण त्या म्हणीत फांदीची चौकशी कोणीच करत नाही. दरडीच्या बाबतीत तर आपण कावळ्यालाही सोडत नाही. 'मुसळधार पावसामुळे दरड कोसळली', 'भूकंपामुळे डोंगर खचला'. बातमी खोटी नसते. पण पाऊस शेजारच्या डोंगरावरही तेवढाच पडलेला असतो. तो का नाही आला खाली? त्या दिवशी कड्याशी उभं राहून मी मित्राला हेच विचारलं. त्याने पट्टीकडे नुसती हनुवटी केली.

पाण्याबद्दल मात्र त्याने लंबंचवडं ऐकवलं, कारण मी एक चूक केली. मी म्हणालो, पाण्याने माती निसरडी होते म्हणून डोंगर घसरतो. "वंगण?" तो जवळजवळ ओरडलाच. मृदा-यांत्रिकीचा जनक म्हणतात तो कार्ल तेरझागी १९५० मध्ये दरडींच्या यंत्रणेवरच्या लेखात हा गैरसमज खोडून गेला आहे, आणि तरी तो जात नाही, ही मित्राची जुनी तक्रार. पाणी करतं ते वेगळंच. ते उचलतं. दहा मीटर जाडीचा खडकाचा थर खालच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे २५ टन वजन टाकतो, आणि त्या वजनामुळेच तो जागेवर पकडून बसलेला असतो. त्याच्या तळाशी चिरांमध्ये दहा मीटर उंचीचं पाणी साचलं, तर ते पाणी तिथे चौरस मीटरला १० टनांचा दाब उलट वर देतं. पकड उरली १५ टनांची. डोंगर तेवढाच, वजन उलट पाण्यामुळे थोडं वाढलेलं, पण पाय जमिनीवर हलके टेकलेले.

आणि भ्रंशपट्टा पाणी साठवण्यासाठीच बांधल्यासारखा असतो. दोन्ही अंगांचा तडकलेला खडक पाणी भराभर पितो आणि चिरांमधून लांबवर वाहून नेतो. मधला चिकणमातीचा गाभा ते आडवं पलीकडे जाऊ देत नाही. एकाच पट्ट्यात नळही आणि बांधही. गाभ्यामागे पाणी तुंबतं, पातळी चढते, जिथे वाट मिळेल तिथे झरा फुटतो. डोंगरउतारावर एका रेषेत झरे दिसले, तर भूगर्भवाले नकाशा काढून त्या रेषेवर पेन्सिल ठेवतात. माणसं मात्र त्या रेषेवर घरं बांधतात, कारण पाणी तिथे आहे.

त्याच पट्ट्यात नदीही येते. वाहत्या पाण्याला मऊ खडक कापायला सोपा, म्हणून कित्येक दऱ्या भ्रंशाच्या रेषेनेच सरळ धावतात. नदी पायथा खात राहते, उतार उभा होत जातो, आणि वरच्या मऊ पट्टीचं तोंड एक दिवस दरीच्या हवेत उघडं पडतं. तोवर पट्टी पायथ्याच्या खडकात अडलेली असते; उघडी पडली की वरचा भाग घसरायला मोकळा. दोन पट्ट्या एकमेकींना छेदत असतील आणि त्यांची छेदरेषा दरीकडे झुकली असेल, तर कलिंगडाची फोड निघावी तशी पाचर सुटून येते.

कॅनडातल्या अल्बर्टामध्ये टर्टल नावाचा डोंगर आहे. तिथल्या भ्रंशाने चुनखडीचा जुना, कडक थर उचलून कोवळ्या, मऊ थरांवर आणून ठेवला आहे: खाली वालुकाश्म, शेल, कोळसा, वर जड, उभी, वळ्या पडून तडकलेली चुनखडी. म्हणजे मातीच्या ओट्यावर दगडी वाडा. तिथल्या मूळ रहिवाशांत त्याला हलणारा डोंगर म्हणत आणि त्याच्या पायथ्याशी मुक्काम टाळत. नंतर आलेल्यांनी पायथ्याशी कोळशाची खाण काढली, फ्रँक नावाचं गाव वसवलं. २९ एप्रिल १९०३ च्या पहाटे सुमारे ३ कोटी घनमीटर चुनखडी दीड मिनिटात खाली आली. गावाचा एक भाग गाडला गेला, सत्तरहून जास्त माणसं मेली. खाणीत आत अडकलेले १७ कामगार मात्र स्वतः वाट खणून वर आले. दोष कुणाचा, यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे: खाणीचा, चिरांत गोठलेल्या बर्फाचा. यादीतली सगळी नावं बरोबरच असतील. पण डोंगराची रचना बघितल्यावर मला तरी ती यादी कावळ्यांची वाटते.

सर्वांत जास्त मला गुंतवून ठेवलं ते दोन घटनांनी. एक कॅनडातलीच, ब्रिटिश कोलंबियामधल्या होप गावाजवळची. ९ जानेवारी १९६५ च्या पहाटे आधी हिमलोट येऊन रस्ता अडला, गाड्या थांबल्या. आणि थांबलेल्या गाड्यांवर ४ कोटी ७० लाख घनमीटरचा डोंगर आला. चार जण गेले. त्या पहाटे भूकंपमापकांवर काही तासांच्या अंतराने दोन लहान धक्के नोंदले गेले होते, तीनच्या जरा वरच्या तीव्रतेचे. झालं, गुन्हेगार सापडला. वर्षानुवर्षं पुस्तकांत तसंच छापलं गेलं: लहान भूकंपाने कोसळलेली दरड. पुढे कोणीतरी त्या नोंदी पुन्हा तपासल्या, आणि निष्कर्ष निघाला तो उलटाच: ते धक्के बहुधा दरडीचेच होते. डोंगर पडला त्याचा आवाज यंत्रांनी ऐकला आणि आपण त्या आवाजालाच कारण ठरवलं. डोंगराच्या पोटात पाहणी केली तर उताराला समांतर झुकलेले भ्रंश आणि कातरलेले पट्टे होतेच.

दुसरी घटना नेमकी उलट्या टोकाची. १८ फेब्रुवारी १९११ ला पामीर पर्वतात मोठा भूकंप झाला आणि सुमारे २ घन किलोमीटर डोंगर मुरगाब नदीत कोसळला. उसोय नावाचं गाव त्याखाली गेलं. नदी अडून जे सरोवर झालं ते सारेझ. तो नैसर्गिक बांध ५५० मीटरहून उंच आहे आणि आजही उभा आहे. बोरिस गोलित्सिन हे रशियातले त्या काळचे मोठे भूकंपशास्त्रज्ञ. पडलेल्या डोंगराचं वजन आणि उंची यांचा हिशेब करून १९१५ मध्ये त्यांनी मांडलं, की दरड भूकंपामुळे पडलेली नसून भूकंपच दरडीमुळे झाला. हिशेब देखणा होता आणि काही काळ चांगल्या चांगल्या लोकांना पटला. पण पडणाऱ्या डोंगराच्या ऊर्जेचा अगदी किरकोळ भागच भूकंपलहरींमध्ये जातो. बाकीची दगड फोडण्यात, घासण्यात, तापण्यात संपते. तेव्हा उसोयच्या बाबतीत कावळा खरोखर बसला होता, आणि तो गरुडाएवढा होता. एका ठिकाणी परिणामाला कारण समजलो, दुसऱ्या ठिकाणी कारणाला परिणाम. या दोन्ही घटनांवरचे लेख मी एकाच रात्री वाचले आणि नंतर बराच वेळ दिवा तसाच ठेवून बसलो.

भूकंप झाला की सगळीकडचे डोंगर सारखे पडत नाहीत, हेही त्या वाचनात कळलं. ज्या भ्रंशात एक बाजू दुसरीवर चढते, तिथे चढणाऱ्या बाजूवर दरडी दाट आणि दुसऱ्या बाजूवर विरळ. चीनमधल्या वेनचुआनच्या १२ मे २००८ च्या भूकंपात साठ हजारांहून जास्त दरडी मोजल्या गेल्या. नकाशावर त्या भ्रंशाच्या एकाच अंगाला मुंग्यांसारख्या गोळा झालेल्या दिसतात. त्यांतली सर्वांत मोठी, दागुआंगबाओची, एक घन किलोमीटरच्या आसपास. आणि भूकंप थांबल्यावर काम थांबत नाही. जे डोंगर पडले नाहीत ते आतून खिळखिळे होतात, जे पडले त्यांचा राडारोडा घळींमध्ये अडकून बसतो. वेनचुआनच्याच परिसरात २०१० च्या ऑगस्टमध्ये जोराचा पाऊस झाला आणि दोन वर्षांपूर्वीचा तो माल चिखल होऊन गावांत उतरला. त्या बातमीत कारण म्हणून पाऊसच आला असणार.

तैवानमध्ये त्साओलिंग नावाचा एक उतार आहे. शेल आणि वालुकाश्माचे थर, झुकाव जेमतेम १४ अंशांचा, दरीच्या दिशेने. हा उतार १८६२ मध्ये घसरला. १९४१ मध्ये भूकंपाने घसरला. पुढच्याच वर्षी पावसाने. १९७९ मध्ये पुन्हा पावसाने. २१ सप्टेंबर १९९९ ला ची-ची भूकंपात पुन्हा. दर वेळी घसरलेल्या मालाने नदी अडवली, तलाव झाला, तलाव फुटला किंवा भरला, आणि नदीने परत पायथा खायला घेतला. कावळे बदलत राहिले.

आणि कधी कधी कावळा नसतोच. १९९१ च्या १४ डिसेंबरच्या मध्यरात्री न्यूझीलंडच्या सर्वांत उंच शिखराचा, आओराकीचा, माथा कोसळला. सव्वा कोटीच्या जवळपास घनमीटर खडक आणि बर्फ. भूकंप झालेला नव्हता, मोठा पाऊस नव्हता. जवळच्या पठारावरच्या निवाऱ्यात झोपलेले गिर्यारोहक थोडक्यात वाचले. मित्राला विचारलं, "मग त्या रात्री काय झालं?" तो म्हणाला, "त्या रात्री काही झालं नाही. झालं ते आधी." वर चढणारी जमीन, फुटलेला खडक, चिरांत दर थंडीत फुगणारा बर्फ, आणि एकेक करून तुटत जाणारे खडकाचे पूल, ज्यांनी दोन चिरांमधली जागा धरून ठेवलेली असते. शेवटचा पूल तुटायला निमित्त लागतंच असं नाही.

जोशीमठाचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं आहे, कारण त्यावर बोलताना आवाज चढतो. हिमालयाच्या एका मोठ्या भ्रंशपट्ट्याला लागून असलेलं हे गाव जुन्या दरडीच्या मालावर उभं आहे, पक्क्या खडकावर नाही, हे १९७६ च्या मिश्रा समितीच्या अहवालात सरळ लिहिलेलं आहे. २०२३ च्या जानेवारीत घरांना मोठमोठ्या भेगा पडल्या तेव्हा बोगदा, सांडपाणी, बहुमजली बांधकामं अशी कारणांची रांग लागली. त्या रांगेतल्या कुणाला मी सुटका देत नाही. पण एक गोष्ट मला आधी कधी सुचली नव्हती. डोंगराळ मुलखात सपाट, मऊ मातीची, पाणी असलेली जागा बहुतेक वेळा जुन्या दरडीनेच केलेली असते. बाकी सगळा उभा कातळ. पूर्वी कधीतरी डोंगर आला, पायथ्याशी पसरला, त्याची माती झाली, झरे फुटले. मग माणूस आला आणि त्याला वाटलं, किती छान जागा. चूक म्हणावी अशी ही निवडही नाही, कारण दुसरी जागाच नव्हती.

त्या दिवशी मी बोटावरचा लगदा पुसला नाही. पट्टीतून लिंबाएवढा गोळा उकरून कागदात गुंडाळून घरी आणला. आठवड्याभरात तो वाळून इतका टणक झाला, की टेबलावर आपटला तर खट्ट वाजायचा, नख उमटेना. महिनाभर तो कागदांवर वजन म्हणून राहिला. आलेल्या-गेलेल्यांना मी विचारायचो, हा काय आहे? सगळे म्हणायचे, दगड.

एका रात्री मित्राचा फोन आला तेव्हा त्याने सुचवलं, की एका ग्लासात पाणी घे आणि अलगद सोड त्यात. मी सोडला. आधी काहीच झालं नाही. मग गोळ्याच्या अंगावरून बारीक बुडबुड्यांच्या माळा वर यायला लागल्या, म्हणजे पाणी आत शिरून हवा बाहेर काढत होतं. मी ग्लास हलवला नाही, टेबलालाही हात लावला नाही. एक बाजू सुटली आणि तळाशी पंख्यासारखी पसरली. थोड्या वेळाने दुसरी. शेवटी मधला भाग स्वतःवरच बसला आणि पाणी गढूळ झालं.

"गेला," मी फोनवर म्हणालो.

"किती वेळ लागला?"

घड्याळ बघायचं माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं.